लवकर सांगितलेलं ‘नाही’

नाना साळुंखे आमचा संगणक दुरुस्त करायला येत, पण आल्या आल्या संगणकाकडे बघतसुद्धा नसत. सांगलीतल्या आमच्या रक्तपेढीच्या खिडकीबाहेर, नातेवाइकांच्या रांगेत जाऊन उभे राहत. मी आत नोंदी करणारा कारकून. “नाना, आत या की,” म्हटलं, तर म्हणत, “थांबा मास्तर. किती येळ लागतुया ते पायास्नी कळू द्या.”

नव्वदीचं दशक सरत होतं. नाना कडेगावचे, फौजेत बिनतारी संदेशाच्या तुकडीत नोकरी करून परतलेले. रक्तसाठ्याचा आमचा जुना प्रोग्राम लिनक्स या नव्या प्रणालीवर चालेना, म्हणून त्यांनी लिनक्सच्या पोटात दुसरा, आभासी संगणक उभा केला आणि प्रोग्राम त्यात बसवला. चालला, पण रखडत. खिडकीवरून रक्तगट विचारला, की पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत समोरच्या माणसाचा चेहरा बघवत नसे. पेढीचे डॉक्टर वैतागून म्हणाले, “काढून टाका ते मशीन.”

नाना रांगेतून आत आले, बराच वेळ पडद्यापुढे बसले आणि कपाळावर हात मारून हसले.

“मशीन ब्येस हाय. गाढवपना माजा. फौजेत आमची पत्रं सायबानं फोडल्याबिगर भाईर जात न्हवती. त्यीच सवय हितं लावली बगा.”

खिडकीवरचा प्रत्येक प्रश्न बाहेरचं लिनक्स अडवत होतं, उघडून पुन्हा बांधून आतल्या संगणकाला देत होतं, उत्तरही तसंच. नानांनी आतल्या संगणकाला खिडकीकडून येणाऱ्या तारेवर स्वतःचा पत्ता दिला, म्हणजे प्रश्न थेट त्याच्याकडेच जावा. मधली चौकी उठली. उत्तर झटकन येऊ लागलं.

“पण नाना, बाटलीच नसली तर घाई करून काय?”

“आवं, न्हाई म्हनायचं तर बिगीबिगी म्हना. मानूस मिरजंच्या पेढीला तरी पळंल.”

पुढच्या हिवाळ्यात खिडकीशी त्यांचाच मुलगा उभा राहिला. नानांच्या पोटात रक्तस्राव होत होता. त्याने गट सांगितला, मी कळ दाबली. शिल्लक नाही. पडद्याने क्षणही घेतला नव्हता. मला मात्र तोंड उघडवेना. मधली चौकी आता मी होतो.

“नाही,” मी म्हणालो. “मिरजेला पळ.”

मिरजेत रक्त मिळालं. नानांना अजून एक उन्हाळा मिळाला. भेटायला गेलो तेव्हा उसाच्या बांधावर बसले होते, फार थकलेले. “लेक सांगत हुता,” ते म्हणाले, “लगीच न्हाई म्हनलासा. ब्येस केलंसा, मास्तर.”

पावसाआधी ते गेले. मी अजून त्याच खिडकीशी बसतो. ‘नाही’ म्हणून म्हणून जीभ शिणली आहे. पण लवकर म्हणतो.