तुमी सुरू करा, मी येतो

तार आली तेव्हा मी सांगलीला आमच्या शाळेत मुलींची प्रार्थना बसवत होतो. कुंडलचे सर्जेराव गेले. माझे हात पियानोवर तसेच राहिले... आदल्याच रविवारी त्यांच्या खाटेजवळून उठताना मी म्हणालो होतो, "पुढच्या रविवारी नक्की वाजवतो."

सर्जेराव फौजेतून पेन्शनीत आले ते एक इंग्रजी तबकडी घेऊन. कुणा साहेबानं बदलीच्या वेळी दिलेली. तीत एक बाई गाते, एक माणूस पियानो वाजवतो, बस्स, तिसरं कुणी नाही. शब्द आम्हा दोघांनाही कळत नसत, पण बाई शेजारी बसून सुखदुःख सांगावं तशी गायची. रविवारी उसाचं पाणी धरून झालं की सर्जेराव एस.टी.नं आमच्या शाळेत यायचे आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या त्या ढंगात म्हणायचे, मी पियानोवर साथ करायचो. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. माझा जन्म मात्र गवयांच्या मागं पेटी वाजवण्यात गेलेला. गाणाऱ्यानं सूर लावल्याशिवाय बोट हलवायचं नाही, हे हाडात मुरलेलं. तबकडीवर तर पियानो आधी निघतो, बाई मागून येते. सर्जेराव वैतागायचे, "मास्तर, तुमी लय मागनं येताय. म्होरं व्हा की! तुमी सुरू करा, मी येतो." स्नेहसंमेलनात मी त्यांच्या सुरासाठी थांबलो, ते माझ्यासाठी. भरल्या सभागृहात दोघेही गप्प! मुली खिदळल्या. उतरताना ते म्हणाले, "झ्याक झालं. कुटं बेसूर न्हाई."

मग घशात गाठ निघाली. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, आवाज गेला. सहा महिन्यांत गाठ पुन्हा उठली. तार येण्याच्या आदल्या त्या रविवारी मी पेटी घेऊन कुंडलला गेलो. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुमी सुरू करा.' मी भाता उघडला, बोटं ठेवली... आणि थांबलो. कुणाच्या सुरासाठी थांबलो होतो मी? त्यांनी खाटेच्या लाकडावर ठेका धरला, एकदा, दोनदा, मग हात थकून खाली पडला. मी रडत पेटी मिटली. एवढं एकच मागितलं होतं त्यांनी, आणि मी गाढवासारखा बसून राहिलो. याची माफी आता कुणाकडं मागू?

दहाव्याला वहिनींनी तबकडी माझ्या हातात दिली. "घिऊन जावा भावजी. हितं आता कोन लावनार?"

रविवारी दुपारी शाळेतला पियानो उघडतो. आता न थांबता सुरू करतो. त्यांनी सूर लावायच्या जागेपर्यंत येतो... कुणी येत नाही. पुन्हा पहिल्यापासून वाजवतो.