दुपारचा आकडा

मला शुगर निघाली तेव्हा माझा पहिला संशय तपासणाऱ्यांवर होता, दुसरा गोळ्यांवर. नवऱ्यानं त्या दोघांनाही निर्दोष सोडलं आणि थेट मला धरलं.

त्यालाही कारण होतं म्हणा. आसेगावच्या रस्त्याला लागून आमचा संत्र्याचा बगीचा. मृग बहाराचा माल निघाला की कडेच्या निंबाखाली ढीग लावायचा आणि त्यामागं मी बसायचं. गाडी थांबवणारा प्रत्येक माणूस संशयी. "आंबट तं नाई ना?" हा पहिला प्रश्न. मग मी एक संत्रं सोलायचे, फोड त्याच्या हातावर ठेवायचे, आणि तो ती अशी चघळायचा की जणू मी त्याला विष देतेय. दिवसभर मी लोकांना गोड खाऊ घालायचे आणि स्वतः डब्यातली ज्वारीची भाकर नि मेथीची भाजी खायचे. एक फोड तोंडात टाकली नव्हती. पण हे मानणारं माणूस मला भेटलं नाही.

मुलीनं शुगर पाहायचं मशीन आणून दिलं होतं. सकाळी घरी हातपाय धुऊन बोट टोचलं की आकडा शहाण्यासारखा यायचा. दुपारी, जेवण झाल्यावर काही वेळानं, नवरा झाडांमधून बाहेर यायचा. मी तिथंच ढिगाऱ्यामागं बोट पदराला पुसून पुढं करायचे, आणि आकडा तीनशेच्या वर.

"संत्रं खाल्लं व तू."

"नाई खाल्लं."

"मंग मशीन खोटं बोलून राह्यलं काय?"

मग तो काडीनं सालींचं टोपलं उकरायचा. एकदा तर माझ्या पदराची गाठ सोडायला लावली. गाठीत सुपारी निघाली. संध्याकाळी मुलीचा फोन. "आई, खरं सांग. मी रागावत नाई." लहानपणी ती गूळ पळवायची तेव्हा मी तिला अगदी हेच म्हणायचे. नवऱ्याचं मी ऐकून घेतलं असतं, पण तिच्या त्या गोड आवाजानं मला रडू आलं.

मी भाकर अर्धी केली. मग दुपारचं जेवणच सोडलं. तरी आकडा वरच. आता मलाही कशावर भरवसा राहिला नाही. मशीन जुनं असेल, गोळ्या नकली असतील, पिठात कुणी काही मिसळत असेल. एकदा तर वाटलं, मीच झोपेत उठून साखर खात असेन.

एका दुपारी हातपाय थरथरायला लागले. मी बाजेवर आडवी झाले आणि नवरा गिऱ्हाइकांसमोर बसला. पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं. चोर ठरलेच आहे तर चोरी तरी करावी. गोळी बंद, सकाळचं चालणं बंद, सगळं बंद. गर्दी ओसरल्यावर उठले, ढिगातलं चांगलं पिवळं संत्रं सोललं आणि डब्याच्या झाकणावर ठेवलं.

"आता तुमच्यासमोर खाईन," मी म्हटलं. "पन आधी तुमचं बोट द्या. रोज माह्यं टोचता, आज तुमचंबी पाहू."

"मले काय झालं?"

"मंग भेता कायले?"

त्यानं बोट पुढं केलं. आकडा माझ्याहून मोठा आला. त्याचं तोंड उतरलं.

"मी एक फोड नाई खाल्ली व," तो म्हणाला. आवाजही माझ्यासारखाच. मग लगेच, "मशीन बिघडलं हे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "इतके दिवस माह्यासाठी मशीन खरं होतं. तुमचा आकडा आला अन् बिघडलं?"

तो नुसता बोटाकडं बघत राहिला. मीही पाहिलं. नखात संत्र्याचे पांढरे तंतू अडकले होते आणि अंगठा रसानं चकाकत होता. तास दोन तास तो फोडीच तर वाटत होता. मी माझे हात पाहिले. ते तर महिनाभर तसेच होते.

मी कॅनमधलं पाणी त्याच्या हातावर ओतलं, साबणानं चोळून धुतले, कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं. आकडा धाडकन खाली. मग माझे हात धुतले. माझाही खाली आला, पण इतका खाली, की तो घाबरला. माझ्या कपाळावर घाम होता आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं.

त्यानं झाकणावरचं संत्रं उचललं आणि फोड माझ्यापुढं धरली. "खाय," तो म्हणाला.

सवयीनं त्याची नजर माझ्या तोंडावरच होती. मी फोड चावली. गोड होती. गिऱ्हाइकांना मी खोटं सांगत नव्हते, आणि त्यालाही नाही.