शेवटची पंगत

बस घाटात बंद पडली, मग टेम्पोत चढलो, मग रिक्षात. दिवसभर कानांवर एकच शब्द पडत होता, "आटपा!" अंग अगदी आंबून गेलं होतं. संध्याकाळी एका चांगल्या हॉटेलात जेवायला टेकलो. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, ताटात वाफाळता भात, वर तुपाची धार. मी भराभर जेवू लागले. घरी सगळ्यांना वाढून शेवटी बसणारीला दुसरं जेवण कुठलं ठाऊक!

वाढपी वाकून म्हणाला, "ताई, सावकाश होऊ द्या."

हे वाक्य मी जन्मभर पाहुण्यांना म्हणत आले. मला आज कुणीतरी म्हणालं.

आमचे हे हात धुऊन आले. "चल, आटप."

मी ताट पुढे सरकवलं. "दादा, अजून थोडा भात."