जागा, तारीख, वेळ उमटलेला फोटो

माझ्या संचालकांनी मला फसवलं आणि मी सांगलीच्या एका हळद अडत्याला. क्रम हाच आहे. पण त्या अडत्याला विचाराल तर फसवणारा मी एकटाच.

साताऱ्याच्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात मी व्यवसायाचा कायदा आणि नीतिमत्ता शिकवतो. हा विषय कुणालाच नको असतो. मार्केटिंगवाल्यांना मान, आमचा तास शनिवारी शेवटचा. मी हमालाचा मुलगा, वकिलीची परीक्षा नोकरी करत दिलेली. जे मिळवलं ते घासाघीस करून. तो तासही मी भांडूनच मंगळवारी सकाळी आणला.

संशोधनाला हळदीचे सौदे घेतले. लिलाव उघड होतो, बोली सगळ्यांसमोर लागते, मग काही खरेदीदार भाव आधीच ठरवून कसे येतात? पुस्तकं याला संगनमत म्हणतात आणि पुढं जातात. ते प्रत्यक्षात कसं चालतं हे सांगायला एकच माणूस तयार झाला. सांगलीत ज्यांच्या दुकानात माझ्या वडिलांनी पोती उचलली, ते चाचा. तिसऱ्या खेपेला त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"नाव कुटं येनार न्हाई न्हवं?"

"नाही चाचा. लिहून देतो."

"लिवून कशाला रं? नीतीचा मास्तर हाईस तू. तूच खोटं बोलाय लागलास तर आमी बिचारं व्यापारी काय करायचं?" ते स्वतःच हसले आणि मग तासभर बोलले. सौद्याआधी चहाला कोण कुठं जमतं, कुठल्या ढिगावर गप्प बसायची पाळी कुणाची, सगळं.

निघताना मी त्यांचा फोटो काढला. आमच्याकडं फोटोशिवाय काम झालेलं धरत नाहीत. झाड लावा, पाहुणा बोलवा, मुलाखत घ्या, मूल्यांकन समितीच्या फायलीला जागा, तारीख, वेळ खाली उमटलेला फोटो लागतो. तसा फोटो काढणारं अॅप माझ्या मोबाइलात कायम चालू. सवयीनं बोट दाबलं गेलं, आणि चाचा सरळ बसून कॅमेऱ्याकडं बघत राहिले.

संचालकांनी तो मागितला. मी नाही म्हणालो.

"मग मुलाखत झाली याला पुरावा काय?"

दोन दिवस ताणलं. शेवटी माझ्या अटीवर दिला: छापलेली एकच प्रत, बंद पाकीट, फक्त समितीनं बघायचं. "शब्द देतो, सर," ते म्हणाले. आणि मी, मेथीची जुडीसुद्धा सोडून बघितल्याशिवाय न घेणारा माणूस, नुसत्या शब्दावर तो फोटो देऊन मोकळा झालो.

गेल्या मंगळवारी गोपनीयतेवर शिकवत होतो. दुसऱ्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला.

"सर, माहिती देणाऱ्याची ओळख लपवायची ना? मग आपल्या वेबसाइटवर हे कसं?"

तिच्या मोबाइलवर चाचा होते. मागं दुकानाची पाटी. खाली ओळ: 'लिलावातील संगनमताबाबत माहिती देताना व्यापारी'.

"घ्या, केस स्टडी घरातच मिळाली," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मी त्याच्यावर खेकसलो.

तास सोडून संचालकांकडं गेलो.

"अहो, काढायला सांगतो. एवढं काय त्यात? आपली वेबसाइट बघतंय कोण?"

"कुणी बघत नाही तर लावलाच कशाला?"

"समितीला बरं दिसतं."

चार दिवस झाले, फोटो तिथंच आहे. रोज उठलो की आधी ते पान उघडतो. फोन वाजला की सांगलीचा तर नाही ना, हे बघूनच उचलतो. बाहेर बोललेल्या माणसाच्या मालाला बाजारात बोलीच लागत नाही, ढीग तसाच पडून राहतो, हेही मला चाचांनीच सांगितलंय. परवा त्यांना भेटायला निघालो. वाटेत इस्लामपूरलाच उतरलो आणि समोर लागलेल्या साताऱ्याच्या गाडीत बसून परत आलो.

संचालक महोदय, फोटो मी काढला. त्याचं उत्तर मी चाचांना सोमवारी देणार आहे, ते काय बोलतील ते ऐकून घेणार आहे. पण तो पाकिटातून कुणी काढला, ती ओळ कुणी लिहिली आणि पान अजून का उतरवलं नाही, हे मला त्याआधी लेखी हवं, तुमच्या सहीनं. सही करायची नसेल तर सोमवारी माझ्याबरोबर एसटीत बसा आणि दुकानात उभं राहून त्यांना तुमच्या तोंडानं सांगा.