आधी माणसं, मग म्हावरं

जनगणनेची ड्युटी लागल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये डब्यांच्या आधी किस्से उघडतात. वह्या तपासायच्या राहतात, किस्से साठत जातात! मला मात्र हसू येत नव्हतं. माझी कळंबच्या कोळीवाड्यातली एक अख्खी गल्ली कोरी होती आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

*

आमचे पाटकर सर नायगावच्या टॉवरमध्ये गेले. इंटरकॉमवर प्रत्येक फ्लॅटचं एकच उत्तर, "नंतर या." वैतागून सरांनी वॉचमनलाच विचारलं, "तुमच्या घरी किती जण?"

"मेरा भी लिखेंगे?" तो खुर्चीतून उठलाच. कुटुंबाची नोंद झाल्यावर त्याने स्वतः इंटरकॉम उचलला. "मेरा हो गया साब, अब आपका नंबर!"

बावीस मजले, एका रविवारात खलास!

*

नंदाखालला डिमेलो टीचरनी फादरना गाठलं. मिस्सा संपल्यावर फादरनी चर्चमध्येच जनगणनेची सूचना केली. दुसऱ्या दिवशी टीचर पोहोचल्या तर माणसं ओट्यावर तयार बसलेली. एक आजी तर रागावल्याच, "आमचं घर शेवटी का?"

*

पाटकर सरांचं स्वतःचं घर मात्र तीनदा बंद मिळालं. सर कुठे? लोकांची घरं मोजत! शेवटी त्यांच्या भागाचा प्रगणक मधल्या सुट्टीत शाळेतच आला.

"सहकार्याबद्दल आभार," जाताना तो म्हणाला.

"अहो, हे वाक्य माझं आहे!"

*

आता माझी गल्ली. तिथे शब्द चालतो हिराबाय मावशींचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "होड्या पान्यात हायत तवर घरची मान्सा मोजायची नाय. होड्या आल्या का ये."

शेवटच्या दिवशी दुपारी होड्या लागल्या. मी किनाऱ्यावर धावले. बायका मासळीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघाल्याच होत्या. मावशी त्यांना आडव्या आल्या. "आदी मान्सा, मंग म्हावरा!"

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळूतच बायका-पुरुषांची रांग लागली. मी फोनमधल्या अ‍ॅपवर एकेक घर भरत गेले. कुटुंबप्रमुख कोण विचारलं की प्रत्येक बाई नवऱ्याचं नाव सांगायची.

सगळ्यांत शेवटी मावशींचं घर. त्यांनीही नवऱ्याचंच नाव सांगितलं. तो ओल्या कपड्यांनिशी मागेच उभा होता.

"माजं नको," तो म्हणाला. "मी पान्यावर असतो. घर हीच बघते. हिचं लिव."

मी नाव बदललं आणि मान वर केली, तर पांगलेले सगळे पुरुष परत रांगेत उभे!

"बाय, आमच्या घराचं नावबी बदल!"