मारेकऱ्याला आलेली स्थळं

आमचा पिच्चर पाहिलेले लोक मोजके, पण त्याचे किस्से अख्ख्या अमरावतीला पाठ! चहाला बसलो की एक तरी निघतोच.

पिच्चर सुपारी घेऊन खून करणाऱ्यांचा. डायरेक्टर शरद, मोबाईल रिपेअरिंगवाला. कॅमेऱ्यावर मी, लग्नाचा फोटोग्राफर. मुख्य मारेकरी प्रल्हाद; अकोल्यात जठारपेठेत त्याचा भाजीचा ठेला. शरदचा हट्ट एकच, "हॉलमधला एक तरी मानूस भेला पायजे!"

*

पहिलाच खून. प्रल्हादनं पिस्तूल रोखलं, समोरचा गयावया करतोय. कॅमेरा सुरू झाला आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "थोडं जवळ या, स्माईल!"

दोघंही हसले की हो!

शरद ओरडला, "काहून बे, खून आहे का रिसेप्शन?"

*

दुसरा खून शरदच्या मावशीच्या घरी. मावशीला फक्त किंचाळायचं होतं. प्रल्हाद दाराला लाथ मारून आत यायचा आणि दर टेकला मावशी तांब्या घेऊन पुढे! "आधी पानी घे बापा, उन्हातून आला."

"मावशी, थो खुनी आहे!"

"मंग? खुन्याले तहान नाई लागत का?"

*

अमरावतीच्या पहिल्या शोला लोक पोट धरून हसले. पेपरात परीक्षण आलं : सहकुटुंब पाहावा असा विनोदी चित्रपट, मारेकरी तर जावई करून घ्यावा इतका सज्जन.

आठवडाभरात प्रल्हादला दोन स्थळं आली! त्याची आई खूश. शरदचं मात्र डोकंच फिरलं. "मारेकऱ्याले स्थळं येऊन राहिले बे! पुन्हा शूट करू. ज्याले यायचं त्यानं यावं, नाईतर मी एकटा करतो!"

सगळे गेलो. न जाऊन सांगतो कोणाला!

*

या वेळी शरदनं प्रल्हादचे सगळे डायलॉग उडवले. "तू बोलूच नको. नुसता पाह्य." प्रल्हाद गिऱ्हाईक नसताना वांग्यांकडे रोखून पाहायची प्रॅक्टिस करायचा. मावशीचा सीन शेजारणीला दिला, मावशी अजून रुसलेल्या आहेत.

अकोल्यात शो लावला. हॉल चिडीचूप! कोणी हसलं नाही, टाळी नाही, परीक्षणही नाही. शरद मला विचारतो, "भेले का झोपले बे?"

मलाही कळलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तोंड पाडून प्रल्हादच्या ठेल्यावर बसलो होतो. तेवढ्यात जठारपेठेतल्या एक काकू आल्या. शोला त्या पहिल्या रांगेत होत्या. बाई अशी खमकी, की "अबे प्रल्हाद" म्हणून भावावरून भांडणार आणि वरून सांबार फुकट घेणार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

त्या दिवशी काकूंनी वांगी घेतली, सांगितलेला भाव गुपचूप दिला. प्रल्हादनं नेहमीसारखी सांबाराची जुडी उचलली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

काकू मागे सरकल्या.

"राहू द्या, प्रल्हादजी. घरी आहे सांबार."