कधीच न संपणारं भांडं

पोळी करपल्याचा वास आला आणि कॉलेजच्या कट्ट्यावरची ती दुपार आठवली. आम्ही सगळे एकाच कादंबरीचे चाहते. तिच्यातल्या जादूच्या भांड्यातून कितीही जेवण वाढलं तरी ते भांडं संपत नसे. फक्त मालकीण जेवली की रिकामं व्हायचं. "म्हणूनच ती शेवटी जेवते. इतरांना वाढण्यातच तिचं पोट भरतं," नितीन म्हणाला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर त्याच्याशी लग्नच केलं!

डोंबलाचं पोट भरतं! इतकी वर्षं खराडीच्या या फ्लॅटमध्ये गॅससमोर उभी आहे, एकदाही भरलं नाही.

"अगं, अजून एक गरम आण ना!" बाहेरून नितीनची हाक आली.

शेवटची पोळी माझ्या ताटात घेऊन मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"संपलं भांडं," मी म्हटलं. "मालकीण जेवतेय."